पक्कड

चित्रपट संपून बराच वेळ झाला तरी ती पक्कड डोळ्यांसमोरून हलत नाही. इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत असते तसली, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या बरण्यांशेजारी टांगलेली असते तसली. इराकमधल्या मोसुल शहरातला रस्ता, कडेला उकरलेली माती आणि गणवेशातला एक माणूस जमिनीवर वाकलेला. भुईमुगाच्या वेलाभोवतीची माती मोकळी करावी तशी तो बोटांनी माती बाजूला करतो. हातात मोजे नाहीत, डोळ्यांवर काच नाही. तार सापडते. पक्कड तारेवर बसते, टक्. तो पुढच्या तारेकडे वळतो. पाहणाऱ्याचा श्वास अडकलेला असतो आणि त्याचा हात मात्र पुढच्या कामाला लागलेला असतो. पण मनात रुतून बसली ती गोष्ट याहून लहान आहे. ते चित्र हलतं. चित्र हलतं म्हणजे कॅमेरा तिकाटण्यावर ठेवलेला नाही, कुणीतरी तो हातात धरला आहे. आणि तार दिसावी इतक्या जवळ धरला आहे.

चौकटीत माणूस एक दिसतो. तिथे माणसं दोन आहेत.

‘द डिमाइनर’ हा होगिर हिरोरी आणि शिनवार कमाल यांचा माहितीपट २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवात दाखवला गेला आणि परीक्षकांचं विशेष पारितोषिक घेऊन गेला. हिरोरी मूळचा इराकी कुर्दिस्तानातल्या दुहोकचा, विशीच्या आत स्वीडनला निर्वासित म्हणून गेलेला. चित्रपटाचा नायक कर्नल फखिर बरवारी. सद्दामची राजवट २००३ मध्ये कोसळल्यानंतर तो इराकी सैन्यात राहून मोसुलमध्ये बॉम्ब निकामी करत होता. २०१४ मध्ये इराकी कुर्दांच्या पेशमर्गा या फौजेत आला. पेशमर्गा म्हणजे मरणाला सामोरे जाणारे. कुर्दी लढवय्ये म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते कोबानीच्या वेढ्याच्या दिवसांत वर्तमानपत्रांनी छापलेलं चित्र: वेणी घातलेली मुलगी, खांद्यावर रायफल, मागे डोंगर. ती सीरियातल्या कुर्दांची फौज. इराकी कुर्दांचे पेशमर्गा वेगळे, कंदिलच्या डोंगरातले पीकेकेचे, म्हणजे तुर्कस्तानशी लढलेल्या कुर्दी संघटनेचे, लोक वेगळे, पेशमर्गा आणि पीकेके यांच्यात राजकीय वैर राहिलं आहे आणि त्या वैरात माणसंही मेली आहेत. बाहेरचा कॅमेरा मात्र या सगळ्यांना एकाच रायफलीवरून ओळखतो. फखिरची ओळख पकडीवरून होते म्हणूनही असेल, हा चित्रपट त्या गर्दीतून वेगळा निघतो.

या कामाची रीत ठाऊक असली की ती पक्कड आणखी टोचते. सुरुंग काढण्याचं काम जगभर ठरलेल्या पद्धतीने चालतं आणि त्या पद्धतीतला प्रत्येक नियम कुणाचा तरी हात किंवा पाय गेल्यावर लिहिला गेला आहे. जमिनीवर साधारण एक मीटर रुंदीचा पट्टा आखायचा. पुढे आडवी काठी ठेवायची. त्या काठीच्या अलीकडची जमीन तपासलेली, पलीकडची नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. मग बारीक काडी गवतातून हळू वर उचलत न्यायची, पायात अडकणारी तार असेल तर ती काडीला जाणवते. मग गवत कात्रीने कापायचं, आणि त्यानंतर मेटल डिटेक्टर. तो वाजला की टोचणी घेऊन गुडघ्यावर बसायचं आणि जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन ठेवून, दर दोन-अडीच सेंटिमीटरवर, हलक्या हाताने टोचत जायचं. कोन महत्त्वाचा, कारण सुरुंगाचा जीव त्याच्या माथ्यावर असतो. टोचणी तिरपी गेली तर ती कुशीला लागते. काही लागलं की बाजूने माती काढायची, वरून कधीही नाही. जमीन दगडासारखी झाली असेल तर आधी पाणी ओतून भिजत ठेवायची. दोन माणसांत निदान २५ मीटर अंतर, म्हणजे एकाच्या चुकीने दुसरा जाणार नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने सक्तीची विश्रांती. दिवस मावळेपर्यंत एका माणसाच्या हातून काही चौरस मीटर जमीन मोकळी होते. मग तपासलेल्या बाजूला पांढरे आणि न तपासलेल्या बाजूला लाल रंग दिलेले दगड मांडून ठेवायचे.

एवढं सांभाळूनही अपघात होतात, आणि त्यांची कारणं फार साधी असतात. पावसाने माती घसरते, त्या मातीबरोबर सुरुंग लोळतो आणि आडवा होतो. आता त्याचा माथा टोचणीच्याच समोर आलेला असतो आणि ३० अंशांचा कोन उलट फिरतो. किंवा चेहऱ्यावरच्या व्हायझरवर रोजच्या धुळीने ओरखडे पडतात, उन्हात त्यातून धड दिसत नाही, आतून घामाची वाफ धरते, आणि माणूस क्षणभर नीट बघायला म्हणून तो वर करतो. किंवा डिटेक्टर सकाळपासून खिळ्यांवर आणि काडतुसांच्या टोप्यांवर शेकडो वेळा वाजलेला असतो, आणि पुढच्या वेळी हात थोडा जड पडतो.

इराकच्या कुर्दी डोंगरांना हे सगळं १९८० पासूनच्या इराण-इराक युद्धाने शिकवलं. तिथे इटालियन बनावटीचे सुरुंग पेरले गेले. त्यातला व्हीएस-५० तळहातात मावतो, व्यास ९ सेंटिमीटर, बहुतेक सगळा प्लॅस्टिकचा. डिटेक्टरला तो कसाबसा कळतो. दुसरा वाल्मारा ६९: पाय लागला की जमिनीतून साधारण अर्धा मीटर उडतो आणि मगच फुटतो, म्हणजे पाय वाचला तरी पोट वाचत नाही, आणि २५ मीटरच्या आत असलेला सोबतीही नाही. हलब्जावरचा विषारी वायूचा हल्ला आणि सद्दामच्या सैन्याची अनफाल ही संहाराची मोहीम सोसून, १९९१ चा उठाव मोडल्यावरच्या पळापळीनंतर लोक आपापल्या गावी परतले तेव्हा शेतं, झरे, मेंढ्यांच्या वाटा या सुरुंगांनी भरलेल्या होत्या. काही जण पोटासाठी तेच सुरुंग उघडून आतलं ॲल्युमिनियम भंगारात विकत. १९९२ पासून तिथे सुरुंग काढणाऱ्या संस्था काम करत आहेत आणि ते काम अजून संपलेलं नाही. दुहोकच्या बाजूच्या कुणाही कुर्दासाठी सुरुंग हा विषय गावच्या विहिरीइतका ओळखीचा. फखिरच्या हातांची जी निर्धास्त सवय आपल्याला वेडेपणा वाटते, तिची मुळं या जमिनीतही शोधली पाहिजेत असं मला वाटतं.

आपल्याकडे भूसुरुंग हा शब्द गडचिरोलीच्या बातम्यांतून आला. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, जांभुळखेड्याजवळ सी-६० च्या १५ जवानांची आणि त्यांच्या गाडीच्या चालकाची बातमी आली तेव्हा हाच शब्द सगळीकडे होता. बातमीत भूसुरुंग नेहमी भूतकाळात येतो, स्फोट होऊन गेलेला असतो. फखिरच्या चित्रणात तो वर्तमानात आहे. मातीखाली, अजून न फुटलेला, आणि कॅमेऱ्याला दिसणारा.

मोसुलमध्ये डोंगरातली रीत चालत नव्हती. तिथला बॉम्ब कारखान्यात बनून नकाशावर नोंद होऊन पुरलेला नव्हता. तो कुणीतरी घरात बसून बनवलेला होता आणि दर आठवड्याला नव्या हिकमतीने बनवला जात होता. शहरात डिटेक्टर फारसा कामाचा नाही, कारण ढिगारा म्हणजे सगळी सळई आणि पत्राच. एक मीटरचा पट्टा आखायला वेळ नाही, कारण रस्ता वाहता आहे, दुकानं उघडी आहेत, पोरं पाहायला जमली आहेत. बॉम्बशोधक आणि नाशक पथकाचा अंगरखा शिरस्त्राणासकट ३५-४० किलोंचा भरतो. मोसुलच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या अंगरख्यात माणूस फार वेळ टिकत नाही, वाकता येत नाही, बोटांचं कौशल्य मात्र उघड्या हातातच लागतं. जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या अंगरख्यातही हात बहुतेक उघडेच असतात. अमेरिकी सैन्याकडे यंत्रमानव होते, रेडिओ लहरी अडवणारी यंत्रं होती. अमेरिकी सैनिकांनी फखिरचं नाव ठेवलं ‘वेडा फखिर’. त्या नावात कौतुक होतं, पण त्याच्यासारखं काम करू नये हा त्यांच्या प्रशिक्षणाचा धडाही होता.

धडा बरोबरच होता. नियम सांगतो की सापडलेली वस्तू हाताने उचलायची नाही. तिला आकडा लावायचा, आकड्याला लांब दोरी, दोरी कप्प्यांवरून वळवून भिंतीआड न्यायची आणि तिथून ओढायची. का, तर एकाखाली दुसरा पुरलेला असू शकतो, आणि वरचा हलला की खालचा जागा होतो. ओढल्यावर लगेच जाऊन पाहायचं नाही. थांबायचं, ठरलेला वेळ घड्याळात मोजून थांबायचं. दोन तारा एकत्र कधी कापायच्या नाहीत, कारण पकडीचं पोलादी पातं स्वतःच त्यांना जोडतं. आणि मुळात तार कापणं हा शेवटचा उपाय, कारण काही सापळे तार तुटण्याचीच वाट पाहत असतात. हातात आलेली तार कुठल्या जातीची आहे हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही. फखिर सांगू शकत होता का? वर्षानुवर्षं तो जिवंत राहिला, यावरून त्याला पुष्कळ कळत होतं एवढं नक्की. पण जिवंत राहणं हा पुरावा नेहमी कालपर्यंतचाच असतो.

आणि तरी त्याच्या बाजूने उभं राहावंसं वाटतं. दोरी, कप्पी, यंत्रमानव यांची वाट पाहत त्याने रस्ता दोन तास बंद ठेवला असता, तर त्या दोन तासांत शहराच्या दुसऱ्या टोकाचा बॉम्ब फुटला असता. त्याचा हिशेब सरळ होता: मी चुकलो तर मी एकटा जाईन, जमलं तर पुष्कळ जण वाचतील. हिशेब ऐकला की छाती भरून येते. मग घरातली आठ मुलं आठवतात, त्यांची आई आठवते, आणि ‘एकटा’ हा शब्द खोटा वाटू लागतो. तो कॅमेरा धरलेला शिपाईही आठवतो. तोही त्या हिशेबात धरलेला नाही.

चित्रपट त्या शिपायांच्या चित्रणातून उभा राहिला आहे. फखिरच्या कामाचं असं सुमारे ५० तासांचं हौशी चित्रण होतं, आणि चित्रपट साधारण ८० मिनिटांचा. म्हणजे दर ३७-३८ मिनिटांतून एक मिनिट ठेवायचं. संकलनाच्या टेबलावर हे गणित क्रूर असतं. बॉम्ब काढण्याच्या कामात बहुतेक वेळ काहीच घडत नाही: माती बाजूला करणं, थांबणं, पाणी पिणं, गर्दीला मागे सारणं, पुन्हा माती. ते सगळं काढून टाकलं की एकामागून एक तारा तुटत राहतात आणि पाहणाऱ्याला वाटतं की हे काम थराराचं आहे. ते प्रत्यक्षात चिकाटीचं आहे. अशा चित्रणाला अजून एक अडचण असते. घरगुती कॅमेरा सगळं आपोआप करतो. अंधाऱ्या खोलीतून अंगणात आलं की दोन-तीन सेकंद सगळं पांढरं होतं. समोर धूळ उडाली की फोकस माणसाला सोडून धुळीला पकडतो. चांगला छायाचित्रकार या खोडी बंद करून ठेवतो; शिपायाला ते माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी त्या क्षणी बटण शोधायला हात मोकळा नसतो. चित्रण उत्तम झालं असतं तर आपल्याला तो शिपाई दिसलाच नसता. त्याच्या चुका हीच त्याची सही आहे.

आवाजाचंही तसंच. अशा कॅमेऱ्याचा माइक त्याच्या अंगातच असतो, धरणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. समोरचा माणूस तीन-चार मीटरवर काय पुटपुटतो ते अर्धवट येतं, पण धरणाऱ्याचा श्वास स्पष्ट येतो. बाहेरून गेलेल्या ध्वनिलेखकाने फखिरच्या शर्टाला छोटा माइक लावला असता आणि आपल्याला फखिरचा श्वास ऐकू आला असता. असल्या चित्रणात जो श्वास ऐकू येतो, तो पाहणाऱ्याचा असतो.

स्फोट होतो तेव्हा एक गोष्ट मोजून पाहता येते, आणि युद्धाचं कुठलंही चित्रण पाहताना ती मोजावी. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा १०० मीटरवर असेल तर आधी झगमगाट दिसतो आणि धडाका सात-आठ चौकटींनंतर येतो. ३०० मीटरवर जवळपास एक सेकंद. दोन्ही एकदमच आले तर दोन शक्यता: एक तर कॅमेरा स्फोटाच्या अगदी जवळ होता, किंवा संकलकाने नंतर आवाज सरकवून झगमगाटाशी जुळवला. बहुतेक युद्धपटांत दुसरं घडतं, कारण डोळ्यांना दिसल्यावर कान वाट पाहत नाही अशी समजूत आहे. ते सरकवणं म्हणजे त्या माणसाने राखलेलं अंतर पुसून टाकणं. दूरच्या स्फोटानंतर जे काही सेकंद रिकामे जातात आणि मग दगड, माती, पत्र्याचे तुकडे एकेक करून खाली पडू लागतात, तेही असंच कापलं जातं. आणि त्याच पडण्यात बघ्यांची डोकी फुटतात.

भाषेकडे आपलं लक्ष जात नाही, कारण आपण खालच्या ओळी वाचत असतो. दुहोककडचे लोक कुर्दी भाषेतल्या कुर्मांजीचा बादिनी बोलीप्रकार बोलतात. मोसुलचा बाजार अरबी बोलतो. कुर्दी अधिकारी आपल्या शिपायाशी एका भाषेत बोलतो आणि दारात उभ्या असलेल्या घरमालकाशी दुसऱ्या भाषेत, आणि या बदलाबरोबर त्याचा दर्जाही बदलतो: पहिल्या वाक्यात तो घरचा, दुसऱ्यात परका, कदाचित शत्रूकडचाही. खालच्या ओळींत दोन्ही वाक्यं एकाच इंग्रजीत, एकाच टायपात येतात. दोन ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं, चार-पाच सेकंद. त्यात ‘मागे व्हा’ एवढंच मावतं. कुणाला कुठल्या भाषेत मागे व्हायला सांगितलं ते मावत नाही. सीमाभागातल्या, बेळगावकडच्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मोसुलच्या सुन्नी अरब वस्तीत जाऊन एक कुर्द त्यांच्या दारातला बॉम्ब काढतो, ही या चित्रपटातली सगळ्यात मोठी गोष्ट असावी, आणि ती खालच्या ओळींत नाही. ती कानांनी शोधावी लागते.

याच्या पुढेमागे पाहिलेला ‘गुलिस्तान’ (२०१६) मला याचा दुसरा हात वाटतो. झायने अक्योल ही लहानपणी तुर्कस्तानातून क्युबेकमध्ये गेलेली कुर्दी दिग्दर्शिका. बालपणी ओळखीची असलेली एक मुलगी पीकेकेत गेली आणि २००० साली लढताना मारली गेली, तिच्या शोधात ती निघाली होती आणि पोहोचली डोंगरातल्या लढणाऱ्या स्त्रियांच्या तळावर. त्या चित्रपटात लढाई जवळजवळ नाहीच. शस्त्र पुसणं, बोलणं, वाट पाहणं. तिथे कॅमेरा स्थिर आहे, चौकट आखलेली आहे, प्रकाश निवडलेला आहे. त्या मुली कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात आणि त्यांना ठाऊक आहे की हे चित्रण कदाचित त्यांच्या मागे उरणार आहे. फखिर तसा बोलत नाही. त्याला वेळच नाही.

विश्वासाचा प्रश्न इथे येतोच, आणि तो टाळणं अप्रामाणिक होईल. हिरोरीचाच पुढचा माहितीपट ‘सबाया’ (२०२१), सीरियातल्या अल-होल छावणीतून, आयसिसने पळवून नेलेल्या यझिदी या धार्मिक अल्पसंख्य समाजाच्या स्त्रियांची सुटका करणाऱ्यांवरचा. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने वृत्त दिलं की त्यातल्या काही स्त्रियांच्या म्हणण्यानुसार त्यांची पूर्ण संमती घेतलेली नव्हती. पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये उघड झालं की सुटकेचा एक महत्त्वाचा प्रसंग चित्रपटात जिचा म्हणून दाखवला तिचा तो नव्हता. दुसऱ्या वेळचं चित्रण तिथे जोडलं होतं, आणि दिग्दर्शकाने ते मान्य केलं. हे कळल्यावर ‘द डिमाइनर’कडे पुन्हा वळताना मन जड होतं. जुनी चित्रणं निरखून पाहावीशी वाटतात. मला तरी असं वाटतं की या चित्रपटाचं बळ दिग्दर्शकाच्या हातात कॅमेरा नव्हता यात आहे. ते शिपाई कुठल्याही महोत्सवासाठी चित्रण करत नव्हते. बॉम्बपथकं अशी चित्रणं जगभर करतात, वस्तू कशी लपवली होती, कशी जोडली होती, काय केलं तर ती शांत झाली, हे मागून येणाऱ्याला दाखवायला. जो वाचला त्याने पुढच्याला दाखवायचं. आणि तो वाचला नाही तर चित्रण जास्तच मोलाचं, कारण त्यात चूक सापडते.

२००८ मध्ये स्फोटात फखिरचा एक पाय गेला. पाय गेल्यावर हे काम कसं बदलतं ते सांगायला हवं. कृत्रिम पायाला घोट्याची जाण नसते. जमीन भुसभुशीत आहे की घट्ट, पायाखाली काही दबलं की नाही, हे तळव्याकडून डोक्याला कळणं बंद होतं. गुडघ्यावर बसणं आणि उठणं दोन्हीत तोल हातावर येतो, आणि हात तर जमिनीवर टेकवायचा नसतो. उन्हात खोबणीत घाम साचतो, कातडी सोलवटते. काही वर्षं तो घरी राहिला. मग १० जून २०१४ ला मोसुल आयसिसच्या हाती पडलं. ऑगस्टच्या तीन तारखेला यझिदींच्या सिंजारवर हल्ला झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण इराकला निघून गेल्याचं आपण वर्तमानपत्रांत वाचलं होतं. मोसुल हे नाव मराठी घरांत तेव्हा पहिल्यांदा चहाच्या टेबलावर आलं. कल्याणहून पोरं ज्यांना मिळायला गेली होती, त्यांनी सोडून दिलेल्या घरांमध्ये हा एक पाय गमावलेला माणूस पक्कड घेऊन शिरत होता.

घर हा रस्त्याहून अवघड मामला. रस्त्यावर बॉम्ब मातीखाली असतो. घरात तो सवयीखाली असतो. परत आलेला माणूस आधी काय करेल, याचा विचार करून तो ठेवलेला असतो: दार ढकलेल, दिवा लावेल, फ्रीज उघडेल, पोराचं खेळणं उचलेल, गालिचा झटकेल. म्हणून पथक शक्यतो समोरच्या दाराने जातच नाही. भिंतीला भोक पाडून आत शिरतं. बंद दार बंदच ठेवतात, त्याला दोरी बांधून बाहेरून ओढतात. कुठल्याही बटणाला हात लावत नाहीत. विजेरी जमिनीलगत आडवी धरून फिरवतात, म्हणजे ताणलेली बारीक तार चकाकते किंवा तिची सावली भिंतीवर पडते. मळलेल्या वाटेने चालत नाहीत. एक खोली झाली की थांबतात, बाहेर येतात, पाणी पितात, कारण तिसऱ्या-चौथ्या खोलीत माणूस आपोआप भराभर चालू लागतो. आणि सापडलेल्या पहिल्या बॉम्बला शेवटचा समजत नाहीत. एकट्या, घाईतल्या, थकलेल्या माणसाला हे सगळं पाळता येत नाही. घरमालक बाहेर उभा असतो, त्याची बायको-पोरं तंबूत असतात, तो विचारत असतो: झालं का? आत जाऊ का? फखिर २०१४ मध्येच, असंच एक घर मोकळं करताना, गेला.

ही पक्कड हार्डवेअरच्या दुकानात मागितली तर दुकानदार मुठीवरचं रबर दाखवतो. त्यावर एक आकडा उठवलेला असतो: १००० व्होल्ट. एवढ्या दाबाची तार कापली तरी हाताला झटका लागू नये म्हणून ते रबर. फखिर ज्या तारा कापत होता त्यांत बहुतेकदा घड्याळ किंवा खेळणं चालवणाऱ्या बॅटरीएवढीच वीज असते. त्या विजेपासून त्या रबराची काही गरज नव्हती, आणि ज्याची भीती होती त्याच्यापुढे त्याचा काही उपयोग नव्हता.

कॅमेरा धरणाऱ्याच्या हातात तर पक्कडही नव्हती. त्याचे दोन्ही हात कॅमेऱ्याला लागलेले. तो मागे सरू शकत होता; चौकटीतला फखिर थोडा लहान दिसला असता, इतकंच. तार तुटायच्या आधी तो डोळे मिटत असेल तर ते आपल्याला कधी कळणार नाही. चित्र थोडं हलतं, पुन्हा बोटांवर आणि तारेवर येऊन थांबतं, आणि तिथेच राहतं. टक्.